द्वारकेच्या वाटेवरची ओहोटी: नरारा पायी कसं बघायचं

आपल्या खानदेशातून द्वारका-सोमनाथला जाणाऱ्या बसगाड्यांना तोटा नाही. केळीचे पैसे हातात आले, कापूस विकला गेला, की सावदा, फैजपूर, यावल, चोपडा, कुठूनही एखादी ट्रॅव्हल्स भरते. चहा-नाश्ता सोबत, आचारी सोबत, म्हाताऱ्यांसाठी पुढच्या सीटा. ही गाडी जामनगर सोडून खंभाळियाकडे निघते तेव्हा उजव्या हाताला थोड्याच अंतरावर भारतातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान असतं, आणि गाडीतले सगळे माना टाकून झोपलेले असतात.

मी रावेर तालुक्यातला केळीवाला. साठी उलटली, गुडघे कुरकुरतात, पोहता येत नाही. तरी मला हे जमतं, म्हणून लिहितोय. गावातले लोक द्वारकेला निघण्याआधी आता मला फोन करतात, आणि दरवेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं.

कच्छच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावर, जामनगर आणि देवभूमी द्वारका या दोन जिल्ह्यांत हे उद्यान पसरलं आहे. 1980 साली अभयारण्य झालं, 1982 साली त्यातल्या काही भागाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्यात 42 बेटं मोजतात. बहुतेक बेटांवर तुम्ही-आम्ही जाऊ शकत नाही. पण वाडीनारजवळचं नरारा असं आहे, की गाडी किनाऱ्यापर्यंत जाते आणि तिथून आपण चालत समुद्रात शिरतो. बोट लागत नाही, पाठीवर ऑक्सिजनची नळकांडी लागत नाहीत. समुद्र स्वतःच मागे सरकतो आणि खालचा प्रवाळाचा खडक उघडा पडतो. मग दोन-चार तास तो आपला.

सगळं या दोन-चार तासांवर आहे.

आधी ओहोटी, मग तिकीट

ज्याने रात्रपाळीची थ्री फेज लाईट धरून केळीला पाणी दिलं आहे त्याला ओहोटी समजावून सांगावी लागत नाही. लाईट आपल्या सोयीने येत नाही, आपण तिच्या सोयीने उठतो. फरक एवढाच, की समुद्राची लाईट कधी ट्रिप होत नाही आणि तिचं वेळापत्रक वर्षभर आधी छापून मिळतं. तरीही लोक आधी रेल्वेचं तिकीट काढतात, मग हॉटेल, मग द्वारकेचं दर्शन, आणि उरलेल्या वेळात नरारा बसवायला जातात. तो बसत नाही. भर समुद्र बघून परत येतात आणि म्हणतात, काही नव्हतं.

हिशेब असा आहे. दिवस-रात्रीत साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात, आणि वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे आज नऊला ओहोटी असेल तर उद्या दहाला दहा कमी. शिवाय प्रत्येक ओहोटी सारखी नसते. पौर्णिमा आणि अमावस्येच्या आसपास उधाण असतं. तेव्हा भरतीचं पाणी जास्त चढतं, आणि आपल्या कामाची गोष्ट म्हणजे ओहोटीचं पाणी जास्त मागे जातं. अष्टमीच्या आसपास भांग असतो. पाणी अर्धवट चढतं, अर्धवट उतरतं, खडक नीट उघडत नाही. घोटाळा असा, की अष्टमीच्या सुमारास ओहोटी नेमकी भर दुपारी, अगदी सोयीच्या वेळी येते. त्या सोयीला भुलायचं नाही.

मग चांगला दिवस कोणता? ऐन पौर्णिमा-अमावस्येला ओहोटी पहाटेनंतर लगेच आणि पुन्हा दिवेलागणीला येते, म्हणजे उजेडाची पंचाईत. पण त्यानंतरच्या द्वितीया ते चतुर्थीला तीच ओहोटी सकाळी साधारण आठ ते दहाच्या दरम्यान येते, आणि उधाणाचा जोर अजून टिकून असतो. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून आधी या तिथ्यांवर पेन्सिलीने खुणा करतो. बाकी सगळं त्या खुणांच्या आजूबाजूला बसवायचं.

कोकणातले लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणून भरती तीनला आणि ओहोटी त्याच्या सहा तास आधी किंवा नंतर, म्हणजे नऊला. घरी बसून अंदाज करायला हा हिशेब उत्तम आहे. कच्छच्या आखातात मात्र पाणी तोंडातून शिरून आत पोचायला वेळ घेतं, त्यामुळे नराऱ्याला थोडा उशीर धरावा लागतो. पक्की वेळ कोष्टकातूनच घ्यायची. सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं काढतं, आणि मोबाईलवरही भरपूर ॲप आहेत. त्यात सिक्का किंवा वाडीनार हे ठिकाण निवडा, मुंबई नको. वेळेशेजारी मीटरमध्ये एक आकडा असतो. तो जितका लहान, तितकं पाणी मागे. एक मीटरच्या आत असेल तर डोळे झाकून जा. दीडच्या वर असेल तर त्या दिवशी द्वारकेला जाऊन या.

कोष्टकातली ओहोटीची वेळ ही पोचायची वेळ नव्हे, परत फिरायची वेळ आहे. तिच्या दोन तास आधी गेटवर असायला हवं. पाणी मागे जातं तसं आपण त्याच्या मागे मागे चालत जायचं, आणि घड्याळात ओहोटीची वेळ झाली की कितीही मजा येत असली तरी तोंड किनाऱ्याकडे. हे मी आवाज चढवून सांगतो, कारण आपल्यासारख्या नदीकाठच्या माणसाला वाटतं, की पाणी वाढेल तर पुढून दिसेल. इथे तसं होत नाही. खडक सपाट आहे, मधून मधून घळी आहेत, आणि भरतीचं पाणी आधी त्या घळींत भरतं. तुम्ही समोर समुद्राकडे बघत असता आणि मागची वाट कमरेएवढी झालेली असते.

महिना म्हणाल तर नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी. कांदेबागेची, म्हणजे केळीच्या थंडीआधीच्या हंगामाची लागवड उरकलेली असते, हरभऱ्याला पाणी द्यायला घरचं कोणी असतं, आणि तिकडे स्थलांतरित पक्षीही पोचलेले असतात. मार्चनंतर जाऊ नका. आपण मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत वावरतो हे खरं, पण तिथे डोक्यावर ऊन आणि खालून पाण्याची तिरीप, सावलीला एक झाड नाही.

जायचं कसं

आपली तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते, आणि तापीच्या बाजूने धावणारी रेल्वेही आपल्याला तिथेच नेते. पुरी आणि हावड्याकडून ओखा-पोरबंदरला जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या भुसावळ, जळगाव, नंदुरबार, सुरत असं करत थेट जामनगरला जातात. त्या रोज नसतात, वार बघून घ्या. वार जुळत नसेल तर सुरतेपर्यंत कुठलीही गाडी आणि तिथून सौराष्ट्राकडची दुसरी. धुळेकरांनी सुरतेपर्यंत रस्त्याने गेलेलं सोपं. जेवणाचे दोन डबे लागतील एवढा प्रवास आहे. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तळलेल्या मिरच्या बांधून घ्या. वाटेत नवापूर स्टेशन जागं राहून बघा. अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये, दोन्ही राज्यांत पाय ठेवून बसता येईल असं बाकडं आहे.

मुक्काम जामनगरला करा. नराऱ्याला राहायची सोय शोधत बसू नका. जामनगरहून नरारा साधारण साठ किलोमीटर, द्वारकेच्या हमरस्त्याने जाऊन उजवीकडे वळायचं. वाटेत रिफायनरीच्या टाक्या आणि धुराडी लागतात, मैलच्या मैल. सोबतचे विचारतात, अरे, उद्यानात चाललो की कारखान्यात? दोन्ही शेजारी शेजारी आहेत, हेच तिथलं वास्तव आहे. पूर्वी सिमेंटसाठी या आखातातली प्रवाळाची वाळूसुद्धा उपसली जायची.

गाडी आदल्या संध्याकाळीच ठरवा आणि ड्रायव्हरला निघायची वेळ दोनदा सांगा. सकाळी नाश्त्यासाठी थांबू, असं तो म्हणेल, तेव्हा हो म्हणू नका. सोबत प्रत्येकाचं आधार कार्ड ठेवा. जामनगरच्या वनखात्याच्या कार्यालयात आदल्या दिवशी चौकशी करून परवानगी, शुल्क आणि गाईडचं विचारून घेतलेलं बरं. हे नियम बदलत असतात, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी गेलेल्या साडूच्या सांगण्यावर राहू नका.

पिरोटन बेटाचं नाव तुम्हाला सगळे सांगतील. तिथे बोटीने जावं लागतं, परवानग्या वेगळ्या, आणि बोटसुद्धा भरती-ओहोटीच्या तालावर. पहिल्यांदा जाणाऱ्याने त्या भानगडीत पडू नये.

पायात काय घालायचं

चप्पल नको, सँडल नको, अनवाणी तर मुळीच नको. जुने, जाड तळव्याचे, नाडीचे बूट. ते भिजणार आहेत आणि नंतर तुम्ही ते घरात घेणार नाही, म्हणून ठेवणीतले नकोत. शेतात फवारणीला वापरायचे गमबूट काही जण आणतात. आत पाणी शिरलं की प्रत्येक पायात बादली घेऊन चालल्यासारखं होतं. खडकावर कालवांच्या, म्हणजे खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांच्या कडा ब्लेडइतक्या धारदार असतात, आणि प्रवाळाने खरचटलेली जखम चिघळते. जखम झालीच तर गोड्या पाण्याने खळखळून धुवा आणि जंतुनाशक लावा. ते खिशात असू द्या, गाडीत नको.

गुडघ्यापर्यंत दुमडता येईल अशी पँट. बायकांनी पंजाबी ड्रेस घालावा. आमच्या मंडळींनी पहिल्यांदा साडी खोचून नेली होती, आणि परत येईपर्यंत त्या खडकापेक्षा पदराकडेच बघत होत्या. टोपी कानाखाली बांधता येणारी, वारा बेफाम असतो. एक काठी हवी, ती आधारासाठी, टोचायला नव्हे. मोबाईल प्लॅस्टिकच्या पाकिटात. पोलराइज्ड गॉगल मिळाला तर जरूर घ्या, पाण्यावरची चमक जाते आणि तळ स्वच्छ दिसतो. पाण्याची बाटली प्रत्येकाची वेगळी. लघवी आधीच उरकून घ्या, तिथे आडोसा नाही.

खडकावर

सुरुवातीला तिवराची झाडं आणि चिखलट वाळू लागते. तिवराच्या बुडाशी जमिनीतून पेन्सिलींसारखी मुळं वर आलेली दिसतील. चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून ती श्वास घ्यायला वर येतात. त्यांच्यावर पाय देऊ नका. हा पहिला टप्पा लोक भराभर ओलांडतात. ओलांडा, पण वाळूत हलणाऱ्या बारीक खेकड्यांकडे एक नजर टाकून.

मग खडक सुरू होतो, आणि इथेच बहुतेकांची निराशा होते. आमच्या एका आतेभावाने दहा मिनिटांत निकाल दिला, ‘अरे भो, इथं तं दगडंच आहेत!’ बरोबर आहे. सातपुड्यात, पालच्या जंगलात आपण चालतो तेव्हा नजर वर आणि लांब असते. इथे ती खाली आणि जवळ आणावी लागते, आणि त्याला थोडा वेळ लागतो. म्हणून माझी पद्धत सांगतो. गुडघाभर पाण्याचं एखादं डबकं निवडा. सूर्य आपल्या तोंडावर येईल असे उभे राहा, म्हणजे आपली सावली पाण्यावर पडणार नाही. आणि पाच मिनिटं हलू नका. पहिलं मिनिट काही नाही. मग एक शंख चालू लागतो, कारण त्यात खेकडा आहे, शंख त्याचा नाही, त्याने तो मोकळा पडलेला उचलला आहे. मग बोटाएवढा मासा दगडाखालून डोकं काढतो. मग ज्याला तुम्ही शेवाळ समजत होता ते हात-पाय आखडून आत जातं, आणि कळतं, की ते समुद्रफूल आहे. फूल म्हणायचं, पण तो प्राणी आहे, मासे धरून खातो. इथली काही समुद्रफुलं जेवणाच्या ताटाएवढी पसरलेली असतात.

प्रवाळही प्राणीच. जो दगड दिसतो ती त्यांची वसाहत, चुन्याची. त्यावरचे बारीक बारीक जीव एकेक तोंड उघडून बसलेले. मेंदूसारख्या वळ्या असलेला गोल दगड दिसला तर तो मेंदू प्रवाळ. असे गोल प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटर वाढतात, फार तर सेंटिमीटरभर. म्हणजे तुमच्या डोक्याएवढा गोळा तुमच्या आजोबांच्या वेळचा असू शकतो. त्यावर बूट ठेवला तर काय होतं ते वेगळं सांगायला नको. पाय नेहमी वाळूवर किंवा मोकळ्या खडकावर. दोन्ही नसेल तर तिथून जायचंच नाही, वळसा घ्यायचा.

बायकांचा ठरलेला प्रश्न असतो, ज्योतिषी मंगळासाठी सांगतो ते पोवळं हेच का? नाही. अंगठीतलं लाल पोवळं वेगळ्या जातीचं, ते भूमध्य समुद्रासारख्या खोल पाण्यातून येतं. इथलं मातकट, हिरवट, तपकिरी, आणि उचलून नेलं तर गुन्हा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात या प्रवाळांचं नाव आहे, म्हणजे ज्या यादीत वाघ आहे त्याच यादीत. मेलेला, किनाऱ्यावर पडलेला तुकडाही खिशात घालायचा नाही.

मला या प्रवाळांचं खरं कौतुक वेगळ्याच कारणाने वाटतं. प्रवाळाला नितळ पाणी लागतं, फार थंडी नको, फार ऊन नको. इथे पाणी गढूळ, आखात उथळ, हिवाळ्यात गार आणि उन्हाळ्यात तापलेलं, आणि वर उधाणाच्या ओहोटीला तासन्‌तास उघडं पडणं. तरी ते जगलेत. पलीकडे खंभातच्या आखातात, जिथे आपली तापी आणि नर्मदा गाळ आणून टाकतात, तिथे असे खडक नाहीत.

ऑक्टोपस बघायचा असेल तर ऑक्टोपस शोधू नका, उष्टं शोधा. एखाद्या भोकाच्या तोंडाशी रिकाम्या शिंपल्या आणि खेकड्यांची कवचं पडलेली दिसली तर आत तो जेवून बसलेला असण्याची शक्यता मोठी. थोडं लांब उभे राहा. बाहेर आला तर दगडाच्या रंगाचा असेल, वाळूवर गेला की वाळूच्या रंगाचा होईल. डिवचलं तर शाई सोडून पळतो, म्हणजे तुमचा खेळ संपला आणि त्याचीही शाई वाया गेली.

फुगणारा मासा, पफर फिश, इथे बऱ्याचदा दिसतो. घाबरला की पाणी गिळून चेंडू होतो. काही गाईड पाहुण्यांना खूश करायला तो हातात धरून फुगवून दाखवतात आणि सगळे टाळ्या वाजवतात. त्या माशाचा जीव मेटाकुटीला आलेला असतो. शिवाय याच्या अंगात जालीम विष असतं, तेव्हा हाताळलेलं त्याच्याही हिताचं नाही आणि तुमच्याही. मी आता गाईडला चालायला लागण्याआधीच सांगतो, ‘भाई, काही हातात घेऊन दाखवायचं नाही, दगड उलटायचा नाही, नुसतं बोटाने दाखवा, बक्षिसी तेवढीच मिळेल.’ ऐकतात. दगड उलटवू नका म्हणायचं कारण, खालच्या बाजूला अंधारात राहणारे जीव उन्हात येतात आणि वरचे खाली दबून मरतात. भाषेची अडचण येत नाही. आपली अहिराणी, त्यांची गुजराती आणि मध्ये थोडी हिंदी, एवढ्यावर सगळं भागतं.

समुद्रकाकडी, तारामासे, लांब सापासारखे हात हलवणारे त्यांचे भाऊबंद, चपटे रंगीत किडे, हे सगळं नशिबावर. यादी घेऊन जाऊ नका.

मान वर करायची ती पक्ष्यांसाठी. कडेच्या पाण्यात काळसर बगळे पंख पसरून धावत शिकार करतात. काळा-पांढरा, जाड चोचीचा क्रॅब प्लोव्हर हा इथला मान्यवर. तो खेकड्यांवर जगतो आणि दूरदूरचे पक्षीप्रेमी खास त्याच्यासाठी येतात. रोहितांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे थवे लांबवर गुलाबी रेघ दिसावी तसे. दुर्बीण नवी घेतली असेल तर आधी हतनूर धरणावर जाऊन हात बसवून या. तापी-पूर्णेच्या संगमावरच्या त्या जलाशयात हिवाळ्यात बदकं भरपूर असतात, घराजवळ आहे, आणि तिथे पाणी चढायची घाई नसते. दुर्बिणीची फिरकी कुठे फिरवायची हे खडकावर उभं राहून शिकायचं काम नाही.

सोबतची माणसं

हा भाग कुठे लिहिलेला नसतो, म्हणून सांगतो. पंचवीस जणांची बस नराऱ्याला नेऊ नका. सहा-सात जण पुष्कळ. जास्त असतील तर ज्यांना खरंच चालायचं आहे तेवढेच घ्या, बाकीचे जामनगरला बांधणीच्या साड्या बघतील, तलावावर बसतील. लाखोटा तलावावर हिवाळ्यात कुरव पक्षी पुष्कळ असतात, आणि तलावाकाठच्या बाला हनुमान मंदिरात 1 ऑगस्ट 1964 पासून रामधून अखंड चालू आहे. म्हाताऱ्यांचा वेळ तिथे छान जातो, आणि त्यांना मागे ठेवलं असं वाटत नाही.

ज्यांचे गुडघे माझ्यापेक्षा वाईट आहेत त्यांनी वाळूच्या टप्प्यापर्यंतच यावं. खडक शेवाळाने निसरडा असतो आणि तिथे पडलेल्या माणसाला उचलून आणणं सोपं नाही. मुलांना जरूर न्या, पण एका मोठ्याच्या वाट्याला एकच मूल. त्यांना शोधायचं काम द्या, मोठ्यांपेक्षा जास्त तीच शोधतात, डोळे जमिनीजवळ असतात म्हणून. आणि घरात एक तरी व्यक्ती अशी असते, जी शंख गोळा करते. तिला आधीच सांगून ठेवा, की रिकामा शंख म्हणजे पुढच्या खेकड्याचं घर आहे, आणि गेटवर पिशव्या तपासू शकतात. पहिलं कारण पटलं नाही तरी दुसरं पटतं.

खाण्याचं काही खडकावर न्यायचं नाही. केळीच्या वेफर्सची पिशवी वाऱ्याने उडाली की ती पकडायला तुम्ही कुठे पळाल?

दुपारनंतर खिजडिया

नराऱ्याहून परतून आंघोळ, जेवण आणि थोडी झोप झाली की दिवस संपवू नका. जामनगरपासून दहा-बारा किलोमीटरवर खिजडिया पक्षी अभयारण्य आहे. स्वातंत्र्याआधी नवानगर संस्थानच्या काळात इथे एक लांब मातीचा बांध घातला, रूपारेल आणि कालिंद्री नद्यांचं गोडं पाणी समुद्रात वाहून जाऊ नये आणि खारं पाणी जमिनीत शिरू नये म्हणून. त्यामुळे बांधाच्या एका अंगाला गोडं पाणी आणि दुसऱ्या अंगाला खाजण, तिवर, मिठागरं. दोन्हीकडचे पक्षी एकाच वाटेवर. 2022 मध्ये याला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत स्थान मिळालं.

शेतकरी माणसाला हा बांधच बघत बसावासा वाटतो. पाणी अडवायला बांधला आणि पक्षी आपोआप आले. काळ्या मानेचा करकोचा, चमच्यासारख्या चोचीचे चमचे पक्षी, पाणकावळे, पेलिकन, आणि संध्याकाळी क्रौंचांचे थवे ओरडत येतात तेव्हा बोलणं थांबतं. वाट सपाट आहे, नराऱ्याला न आलेले इथे आरामात चालतात. इथे ओहोटीचा प्रश्न नाही, फक्त ऊन कलल्यावर जा किंवा उजाडताच. अभयारण्याचे दोन भाग आहेत, एकाचा रस्ता खिजडिया गावाकडून आणि दुसऱ्याचा जांबुड्याकडून. एका संध्याकाळी एकच भाग करा.

रात्री जामनगरचे घुघरे खा. मोदकापेक्षा करंजीच्या जवळचे, तिखट सारणाचे, वरून चटण्या. मिरची आपल्या मानाने गोडसर वाटेल. सुकी कचोरी घरी न्यायला घ्या, महिनाभर टिकते.

द्वारका दुसऱ्या दिवशी करा, आणि शक्यतो नरारा आधी, दर्शन नंतर. मंदिर दुपारी काही तास बंद असतं, पण संध्याकाळी पुन्हा उघडतं. ओहोटी चुकली तर पुढची उजेडातली दुसऱ्याच दिवशी. एकाच दिवशी दोन्ही करायचा हट्ट असेल तर खडकावरून अकराच्या आत गाडीत बसलात की जमू शकतं, पण ओले बूट आणि खारट कपडे घेऊन मंदिराच्या रांगेत उभं राहावं लागेल. बदलायचे कपडे आणि पाय धुवायला गोड्या पाण्याचा एक पाच लिटरचा कॅन डिकीत ठेवा. तो जामनगरहूनच भरून न्या, गेटवर पाणी मिळेलच असं धरून चालू नका.

बूट घरी आणायचेच असतील तर रात्रभर गोड्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवा, नाहीतर नाडीच्या कड्या गंजतात. दुर्बिणीची काच ओल्या कापडाने आधी टिपून घ्यायची, कोरड्याने पुसली तर मिठाचे कण ओरखडे काढतात.